इंग्लंडच्या पायवाटा आणि एकटा वाटसरू

कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत बोलणार म्हटले की महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत किंवा नवे कामगार कायदे असाच काहीतरी विषय असणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. यंदा आम्ही इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून एकट्याने, पायी आणि सावकाश करावयाच्या प्रवासावर बोलणार, असे पत्रिकेत छापून आले. ते वाचून आमच्याच संघटनेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, "काय हो, रिकामटेकड्यांच्या संघात नाव घातलेत की काय?" थट्टाच ती, पण तिच्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. हाती काही काम नाही, कुठे वेळेवर पोचावयाचे नाही, आणि माणूस एकटाच रानावाटांनी हिंडतो आहे, हा खात्यापित्या घरच्या मंडळींचा शौक आहे काय? आमचे उत्तर असे की, इंग्लंडात एकेकाळी तो तसा होता खरा. तो तसा राहू नये म्हणून तिथल्या गिरणी कामगारांनी, फिटरांनी आणि शिकाऊ कारागिरांनी खटपट केली, प्रसंगी तुरुंगवासही पत्करला. आज तिथे एखाद्याच्या शेतातून परका माणूस पाठीवर पिशवी टाकून निवांत चालत जातो आणि त्याला कोणी हटकीत नाही. ह्या साध्या दृश्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तोच आज सांगावयाचा आहे.

आधी ह्या प्रवासाचे स्वरूप पाहू. सामान थोडेच लागते: पाठपिशवी, पावसाळी डगला, जाड तळाचे बूट आणि एक नकाशा. ह्यांतला नकाशा सर्वांत महत्त्वाचा. ऑर्डनन्स सर्व्हे नावाचे खाते तिथे १७९१ पासून नकाशे काढीत आले आहे. ऑर्डनन्स म्हणजे तोफा-दारूगोळा. फ्रेंचांच्या स्वारीची धास्ती होती, म्हणून लष्कराच्या सोयीसाठी हे काम सुरू झाले. तोफांसाठी काढलेले नकाशे पुढे वाटसरूच्या खिशात गेले, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची. आज ह्या खात्याच्या नारिंगी वेष्टनातल्या नकाशात चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, असे प्रमाण असते. शेताचे एकेक कुंपण, ओढा, चर्चचा मनोरा, गावची खानावळ, सारे त्यात दिसते. आणि ह्या सगळ्यांतून हिरव्या तुटक रेघा गेलेल्या असतात. ह्या रेघा म्हणजे सार्वजनिक पायवाटा. इंग्लंड व वेल्स मिळून अशा नोंदलेल्या वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते. घोड्यांना मोकळ्या असलेल्या वाटाही तिच्यात आल्या.

प्रत्यक्ष जमिनीवर ही रेघ ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. पायी जाणाऱ्याच्या वाटेला पिवळा बाण, घोडेस्वारालाही मोकळ्या असलेल्या वाटेला निळा. कुंपण आडवे आले की चढून उतरण्यासाठी लाकडी किंवा दगडी पायऱ्या असतात. काही ठिकाणी अर्धगोल कठड्यात झुलणारे फाटक असते. माणसाने कठड्यात शिरावे, फाटक आपल्या अंगाभोवती फिरवावे आणि पलीकडे पडावे. गुरांना ते साधत नाही, आणि दोन माणसांना एकदम साधत नाही. ज्या सुताराने ते प्रथम बनविले त्याला एकट्या वाटसरूची कल्पना पक्की असली पाहिजे, असे आम्हाला त्या फाटकातून जाताना दर वेळी वाटे.

चालण्याचा हिशेब नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिला, तो अजून चालतो: सपाटीवर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. पण हा हिशेब दमदार मंडळींचा. सावकाश जाणाऱ्याने दिवसाला आठ-दहा मैलांवर समाधान मानावे. जूनमध्ये उत्तर इंग्लंडात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाईचे कारणही नसते. एका गावाच्या चर्चचा मनोरा मागे पडतो न पडतो तोच दुसऱ्या गावाचा दिसू लागतो. पूर्वी माणूस पायी चर्चला जाई, पायी बाजाराला जाई. त्याच्या पायांनी ही अंतरे ठरविली आहेत.

आणि ह्या वाटा तरी कोणी पाडल्या? हौशी प्रवाशांनी खास नव्हे. शेतमजूर घरून शेतावर गेला, खाणकामगार पहाटे खाणीकडे गेला, विणकर पाठीवर कापड टाकून बाजाराला गेला, त्यांच्या पायांखाली ह्या वाटा पडल्या. डोंगराळ भागात तट्टांच्या पाठीवर मीठ, लोकर, कोळसा वाहून नेत; त्यांच्यासाठी बांधलेले अरुंद कमानीचे पूल अजून उभे आहेत. ज्या वाडीला स्वतःचे दफनस्थान नव्हते तिथून प्रेत खांद्यावर घेऊन दूरच्या चर्चपर्यंत जाण्याच्या वाटाही आहेत, आणि त्या त्याच नावाने ओळखल्या जातात. म्हणजे आजचा वाटसरू ज्या वाटेवर मोकळा श्वास घेतो ती मुळात कामावर जाणाऱ्याची वाट आहे. हे ध्यानात ठेवून चालले की भोवतालचे सौंदर्य कमी होत नाही, उलट त्याला वजन येते.

आता कायद्याकडे वळू. वहिवाट हा शब्द आपल्याला नवा नाही. बांधावरून जाण्याचा रस्ता शेजाऱ्याने अडविला म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करणारे शेतकरी आपण पाहतो. पण आपल्याकडची ही वहिवाट मुख्यतः शेतकऱ्याला आपल्या शेतापर्यंत पोचता यावे म्हणून आहे. इंग्लंडातली सार्वजनिक पायवाट ही कोणाचीही आहे. तिच्यावरून जाणाऱ्याने कुठे चाललो, कशाला चाललो, हे सांगण्याचे कारण नाही. जमीन मालकाचीच राहते, पीक मालकाचेच राहते, पण त्यातून जाण्याचा हक्क सर्वांचा. वीस वर्षे लोक एखाद्या वाटेने उघडपणे, विनापरवानगी आणि विनाअडथळा गेले, तर ती सार्वजनिक झाली असे गृहीत धरावे, हे तत्त्व तिथे १९३२ च्या कायद्यात आले. आणि एकदा सार्वजनिक झालेली वाट केवळ वापर थांबला म्हणून मरत नाही. १९९० च्या कायद्याने तर असे ठरविले की, शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली गेली तर शेतकऱ्याने ती चौदा दिवसांच्या आत निदान एक मीटर रुंदीची पुन्हा करून द्यावी. अशा बारीकसारीक कलमांत हक्क जिवंत राहतो. करार वाचण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना ह्याचे अप्रूप अधिक.

पण हे सारे फार उशिरा आले. त्याआधी पायी हिंडणाऱ्या एकट्या माणसाकडे इंग्लंड कसे पाहत होते, ह्याचा उत्तम साक्षीदार म्हणजे कार्ल फिलिप मोरिट्झ हा जर्मन लेखक. १७८२ मध्ये तो इंग्लंडात आला आणि खिशात मिल्टनचे काव्य घेऊन पायी निघाला. विंडसर, ऑक्सफर्ड करीत तो डर्बीशायरच्या डोंगरातल्या गुहेपर्यंत गेला. वाटेत त्याला अनुभव आला तो असा की, घोडागाडीतून न येता पायी आला म्हणून खानावळवाले त्याला भिकारी किंवा भामटा समजत. कुठे वाईट खोली देत, कुठे जागाच नाही म्हणून दाराबाहेर काढीत. विद्वान माणूस, पैसे मोजावयास तयार. पण पायी आलेला, आणि तोही एकटा! ज्याच्याजवळ पैसे असतात तो पायी कशाला चालेल, हा त्या काळचा हिशेब होता.

गरिबाच्या बाबतीत हा संशय कायद्यानेच पक्का केला. उपजीविकेचे साधन दाखविता न येणारा आणि उघड्यावर किंवा कोणाच्या गोठ्यात झोपणारा भटका हा १८२४ च्या कायद्याने गुन्हेगार ठरला. आणि मौज पाहा, त्याच्या दोनच वर्षे आधी, १८२२ मध्ये, हॅझलिट ह्या निबंधकाराने एकट्याने पायी हिंडण्याच्या सुखावर एक निबंध लिहिला. तो आजही वाचला जातो. सोबती असला की बोलावे लागते, आणि बोलू लागले की पाहणे राहून जाते, असा त्याचा मुद्दा. मुद्दा खराच आहे. पण एकाच रस्त्यावर चालणारे दोन एकटे, एक निबंधकार आणि दुसरा गुन्हेगार, ह्यांच्यातले अंतर खिशातल्या नाण्यांचे होते, हेही तितकेच खरे.

ह्या दोघांच्या मध्ये उभा असलेला एक माणूस आम्हाला फार जवळचा वाटतो. जॉन क्लेअर हा शेतमजुराचा मुलगा, स्वतः शेतमजूर, आणि मोठा कवी. हेल्पस्टन हे त्याचे गाव. त्याच्या तरुणपणी, १८०९ मध्ये, गावची मोकळी जमीन कुंपणात घालण्याचा कायदा पार्लमेंटने केला. असे हजारो कायदे त्या शतकभरात झाले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर गायराने गेली. जिथे गरिबाची गाय चरे, जिथून तो सरपण आणी, तिथे मालकी आली आणि पाटी आली. क्लेअरच्या काव्यात ह्या कुंपणांचे दुःख भरून राहिले आहे. पुढे त्याचे चित्त भ्रमले. १८४१ च्या जुलैत लंडनजवळच्या वेड्यांच्या इस्पितळातून तो निघाला आणि चार दिवसांत सुमारे ऐंशी मैल चालून घरी गेला. जवळ दमडी नव्हती. रस्त्याकडेचे गवत खाऊन त्याने भूक भागविली. रात्री निजताना तो उत्तरेकडे डोके करून निजे, म्हणजे सकाळी उठल्यावर कोणत्या दिशेला जावयाचे ते कळे. इंग्लंडातल्या एकट्याच्या पायी प्रवासांत ह्याहून करुण प्रवास आम्हाला ठाऊक नाही.

वाट मोकळी असली तरी चालावयास दिवस हवा. आणि कामगाराचा दिवस मालकाचा असतो. म्हणून ह्या इतिहासाची दुसरी बाजू रजेची आहे. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रिया व अल्पवयीन कामगार ह्यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबविले. ती माणसे गेली की साचे चालणार कसे? त्यामुळे पुरुषांनाही अर्धा दिवस मिळत गेला. लँकेशायरच्या गिरणी गावांत उन्हाळ्यात एक आठवडा सगळ्या गिरण्या बंद ठेवण्याची चाल होती. गावेच्या गावे त्या आठवड्यात समुद्रकाठी लोटत. पण ही सुट्टी बिनपगारी! वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे मंडळात भरून, म्हणजे आपल्या भिशीसारखे, लोक ती साजरी करीत. कोल्न नावाच्या गिरणी गावात लेनर्ड नावाचे धर्मोपदेशक होते. वर्षाची पुंजी लोक चार दिवसांच्या गर्दीत व दारूत उडवितात हे पाहून त्यांना वाईट वाटे. १८९१ मध्ये त्यांनी काही तरुणांना सरोवरांच्या प्रदेशात पायी हिंडावयास नेले, आणि त्यातून १८९३ मध्ये सहकारी सुट्ट्यांची एक संस्थाच उभी राहिली. १९३० मध्ये युवक वसतिगृहांची संघटना निघाली: एका शिलिंगात रात्रीचा मुक्काम, पायी किंवा सायकलने येणाऱ्यालाच प्रवेश, मोटारवाल्याला नाही, आणि सकाळी निघण्यापूर्वी झाडलोटीचे काहीतरी काम करून जावयाचे. भरपगारी सुट्टीचा कायदा मात्र १९३८ सालचा.

इथे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. लँकेशायरशी स्पर्धा करणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टीच नव्हती. १८९० च्या एप्रिलात लोखंड्यांनी हजारो कामगारांची सभा भरविली आणि त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. ह्या रजेचे आपण काय करतो? लग्न, पेरणी, गावची जत्रा, घरचे आजारपण. उरली तर विकून पैसे घेतो. एका कारखान्यात आम्ही रजेचे रजिस्टर चाळीत होतो. एका तरुण टर्नरने रजेचे कारण म्हणून 'गड पाहण्यास जाणे' असे लिहिले होते. वरिष्ठाने ते कारण लाल शाईने खोडले होते आणि रजा नामंजूर केली होती. आईचे आजारपण लिहिले असते तर मिळाली असती! स्वतःच्या मनाला विसावा हे कारण अजून आमच्या रजिस्टरात बसत नाही.

लँकेशायर व यॉर्कशायरच्या गिरण्यांना लागूनच पेनाइन डोंगरांची पठारे आहेत. झाडे नाहीत, जांभळ्या फुलांचे हेदर नावाचे झुडूप आणि पीट नावाची काळी भुसभुशीत दलदल. गिरणीच्या धुरात आठवडा काढलेल्या माणसाला शनिवारी दुपारी हे पठार खिडकीतून दिसे. पण तिथे जाण्यास बंदी. कारण पठारावर ग्राउस नावाचे पक्षी पोसले जात, आणि १२ ऑगस्टला शिकारीचा हंगाम सुरू झाला की जमीनदार व त्यांचे पाहुणे बंदुका घेऊन येत. वर्षातल्या थोड्या दिवसांच्या शिकारीसाठी बारा महिने राखणदार काठ्या घेऊन उभे. जेम्स ब्राइस ह्यांनी १८८४ मध्ये पार्लमेंटात डोंगर मोकळे करण्याचे पहिले विधेयक आणले. ते काही संमत झाले नाही. १८९६ च्या सप्टेंबरात बोल्टन गावाजवळच्या विंटर हिलवरची जुनी वाट मालकाने अडविली, तेव्हा स्थानिक समाजवादी मंडळींच्या हाकेला ओ देऊन सुमारे दहा हजार लोक फाटक मोडून डोंगरावर गेले. कोर्टात मात्र ते हरले. १९०० मध्ये शेफील्डच्या वॉर्ड नावाच्या इंजिनिअरिंग कामगाराने रविवारी पायी फिरणाऱ्या कामगारांचा संघ काढला. पहिल्या फेरीस चौदा माणसे होती. सभेला चौदा माणसे आली म्हणून निराश होणाऱ्या आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

मग आला २४ एप्रिल १९३२ चा रविवार. मँचेस्टर व शेफील्ड ह्यांच्या मध्ये किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचे पठार आहे. हेफील्ड गावाच्या खाणीत सुमारे चारशे तरुण जमले. पुढारी होता बेनी रॉथमन, वीस वर्षांचा बेकार मेकॅनिक. तो एका खडकावर चढून बोलला आणि सारे बंदी मोडून पठारावर चढले. राखणदारांशी झटापट झाली, एकाचा घोटा दुखावला. परत येताना सहा जणांना धरले. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. ज्यूरीवर लष्करी अधिकारी व जमीनदार ह्यांचाच भरणा होता. आश्चर्य म्हणजे पायी फिरणाऱ्यांच्या जुन्या संघटनांनी ह्या सत्याग्रहाचा निषेध केला होता. वाटाघाटी बिघडतील, असे त्यांचे म्हणणे. आमचे मत विचाराल तर दोन्ही बाजूंचे काही चुकले नव्हते. शिष्टमंडळ आणि संप ही दोन्ही हत्यारे लागतात. एवढे मात्र खरे की, शिक्षा ऐकल्यावर ज्यांनी निषेध केला होता तेही संतापले, आणि जो प्रश्न मूठभरांचा होता तो देशाचा झाला. रॉथमन पुढे मँचेस्टरच्या मोठ्या कारखान्यात कामगार संघटनेचा कार्यकर्ता म्हणून वावरला. २००२ मध्ये, सत्तर वर्षांनी, त्या पठाराच्या तेव्हाच्या मालकाचा नातू, डेव्हनशायरचा ड्यूक, ह्याने जाहीर माफी मागितली.

काही वर्षांपूर्वी मँचेस्टरला कामगार प्रतिनिधींची एक बैठक होती. ती आटोपल्यावर आम्ही चार दिवस मागे राहिलो आणि ही वाट एकट्याने चाललो. एडेल ह्या लहान स्टेशनावर उतरावे, ओढ्याकाठाने वर जावे, दगडी पायऱ्यांनी पठार गाठावे. वर वारा इतका की धबधब्याचे पाणी खाली पडण्याऐवजी उलटे वर उडते. सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. दोन तासांत तीन माणसे भेटली. मिल हिल नावाच्या टेकाडाच्या पुढे दलदल आहे, म्हणून वाटेवर मोठ्या फरशा अंथरल्या आहेत. त्या फरशा नुसत्या दगडांच्या नाहीत. पाडलेल्या कापड गिरण्यांतल्या त्या जमिनी आहेत. काहींवर साचे पक्के करण्यासाठी पाडलेली भोके अजून दिसतात. आम्ही तिथे बराच वेळ बसलो. साच्यावर उभे राहून ज्यांचे पाय सुजले त्यांच्या पायांखालची फरशी आज पठारावर आहे, आणि तिच्यावरून ज्याला वाटेल तो जातो. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींवर काय उभे राहिले, ते श्रोत्यांना ठाऊक आहेच.

उतरताना एका शेताच्या फाटकाशी म्हातारा शेतकरी उभा होता. आमच्याकडे निरखून पाहून त्याने विचारले, "वाट चुकलात काय?" आम्ही नकाशा काढून हिरव्या रेघेवर बोट ठेवले. त्याने मान डोलावली आणि फाटक उघडून धरले. त्याचा प्रश्न सहज होता की काळ्या माणसाला पाहून आला होता, हे आम्हाला सांगता येणार नाही. पण हा प्रश्न तिथे आहे, हे खोटे नव्हे. इन्ग्रिड पोलार्ड ह्या कृष्णवर्णीय ब्रिटिश छायाचित्रकार स्त्रीने १९८० नंतरच्या दशकात सरोवरांच्या प्रदेशातली एक चित्रमालिका केली. रमणीय देखावा, त्यात एकटी काळी व्यक्ती, आणि खाली तिच्या मनातली अस्वस्थता. कागदावरचा हक्क सर्वांचा असला तरी एकट्याने चालण्याचा निर्धास्तपणा सर्वांना सारखा वाटून आलेला नाही. बायकांना ह्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

कायद्याची पुढची पावले थोडक्यात सांगतो. १९४९ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण भागात प्रवेशाचा कायदा केला. प्रत्येक जिल्हा कौन्सिलने सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करावा, हे त्याच कायद्याने ठरले. १९५१ मध्ये पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते किंडरच्याच प्रदेशात. टॉम स्टीफन्सन ह्या पत्रकाराने १९३५ मध्ये मजुरांच्या दैनिकात लेख लिहून डोंगरमाथ्यावरून जाणारी एक लांब वाट मागितली होती. हा गृहस्थ तेराव्या वर्षी कापडछपाईच्या कारखान्यात कामाला लागलेला. त्याची पेनाइन वाट, २६८ मैलांची, १९६५ मध्ये पुरी झाली. एका लेखापासून तीस वर्षांनी! पठारांवर वाट सोडूनही हिंडण्याचा हक्क २००० च्या कायद्याने आला आणि २००५ मध्ये पूर्णपणे अमलात आला. तोही इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के जमिनीपुरता.

ह्या लढ्यात मुळीच नसलेला, पण त्याचे फळ सर्वांत अधिक चाखलेला एक माणूस म्हणजे आल्फ्रेड वेनराइट. जन्म १९०७, ब्लॅकबर्न गावी. आपल्याकडच्या बाजारासाठी धोतरे विणणारे ते हे गाव. बाप दारूडा, आई धुणी धुवी. तेराव्या वर्षी शाळा सुटली, नगरपालिकेच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागला आणि रात्री अभ्यास करून हिशेबनीस झाला. तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा सरोवरांचे डोंगर पाहिले आणि जन्माचे वेड लागले. १९३८ च्या सप्टेंबरात, म्युनिकच्या वाटाघाटी चालू असताना, उद्या युद्ध होते की काय अशी सारी युरोप धास्तावली असताना, हा एकटा सेटल गावाहून निघाला आणि रोमनांच्या जुन्या भिंतीपर्यंत चालत जाऊन चालत परत आला. अकरा दिवस. खेड्यात मुक्काम केला की घरोघर रेडिओभोवती चिंतेत बसलेली माणसे दिसत. सकाळी पुन्हा वाट. १९५५ ते १९६६ ह्या काळात त्याने २१४ डोंगरांवर सात पुस्तके काढली. प्रत्येक पान हाताने लिहिलेले, हाताने चितारलेले. त्याने मोटार कधीच चालविली नाही. शनिवार-रविवार बसने जाई आणि मिळेल तर शेवटच्या बसने परतत असे. स्वभाव तिरसट, चळवळीच्या कामाचा माणूस नव्हे. पण त्याचे एकटेपण बसच्या वेळापत्रकावर, शनिवारच्या सुट्टीवर आणि दुसऱ्यांनी राखलेल्या वाटेवर उभे होते.

ह्या तीनपैकी बसची बाजू आज सर्वांत लंगडी आहे. १९६३ मध्ये डॉ. बीचिंग ह्यांच्या अहवालाने दोन हजारांहून अधिक स्टेशने बंद करण्याची शिफारस केली. १९३२ चे तरुण ज्या गावी जमले त्या हेफील्डची गाडी १९७० मध्ये थांबली. सेटल ते कार्लाइल ही लाइन मात्र लोकांनी मोठे आंदोलन करून १९८९ मध्ये वाचविली. ज्याच्याकडे मोटार नाही अशा वाटसरूला आज वाटेपेक्षा वाटेच्या तोंडापर्यंत पोचणे अवघड, अशी पुष्कळ ठिकाणची स्थिती आहे. एकट्याने जाणाऱ्याने म्हणून आधी बसचे वेळापत्रक पाहावे आणि मग नकाशा उघडावा. कोणत्या गावी उतरणार ते मुक्कामाच्या जागी सांगून ठेवावे.

लढा संपलेला नाही. दक्षिणेकडच्या डार्टमूर पठारावर रात्री तंबू ठोकून राहण्याचा हक्क १९८५ च्या कायद्यात आहे की नाही, ह्यावर एका जमीनमालकाने दावा लावला. खालच्या कोर्टात मालक जिंकला, अपिलात हरला, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यात रात्रीचा मुक्कामही येतो, असा त्याचा अर्थ. दुसरे काम त्याहून चिकाटीचे आहे. १९४९ नंतर नकाशे झाले तेव्हा पुष्कळ जुन्या वाटा नोंदवावयाच्या राहिल्या. २००० च्या कायद्याने त्या चढविण्यास २०२६ ची मुदत घातली, ती २०२३ मध्ये २०३१ पर्यंत वाढली, आणि मुदतच काढून टाकण्याचा इरादा सरकारने २०२४ च्या डिसेंबरात जाहीर केला. तिथल्या गावोगावची मंडळी, त्यांत निवृत्त लोक बरेच, दप्तरखान्यात बसून दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे धर्मकराचे व कुंपणांचे नकाशे भिंगाखाली तपासतात आणि एकेका वाटेसाठी पुराव्यासह अर्ज करतात. एका अर्जाचा निकाल लागावयास वर्षे जातात.